गुळणीचा धडा

सरांनी आयुष्यातला पहिला कांदा चिरला तो वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, एका मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास. त्या वेळी त्यांच्या तोंडात पाणी होतं. कांदा पाहून सुटलेलं नव्हे. पेल्यातून मोजून घेतलेलं, दोन्ही गालांत सारखं वाटलेलं, ओठ घट्ट मिटून धरलेलं. कांदा चिरताना तोंडात पाण्याची गुळणी धरली की डोळ्यांना पाणी येत नाही, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असायलाच हवं होतं. ते त्यांनीच लिहिलं होतं.

तिसऱ्या कापाला डोळे चुरचुरले. पाचव्याला नाक वाहू लागलं. सातव्याला चष्म्याआड अशी काही धार लागली की कांदा कुठे संपतो आणि आपला अंगठा कुठे सुरू होतो तेच दिसेना. सरांनी सुरी खाली ठेवली नाही. माणूस दुसऱ्याच्या शब्दावरून एखाद वेळ माघार घेईल, पण स्वतःच्या छापील वाक्यावरून कशी घेणार?

इथे हे सांगायला हवं की सर कुणाचेच सर नव्हते. एकतीस वर्षं त्यांनी पाठ्यपुस्तकांच्या कार्यालयात दुसऱ्यांच्या लिखाणातले स्वल्पविराम आणि वेलांट्या तपासल्या होत्या. पण चष्मा जाड, बोलणं कमी, काखेत सतत एखादं पुस्तक. इमारतीनं परस्पर त्यांना सर करून टाकलं. चूक दुरुस्त करायची तर जिन्यात उभं राहून चार वाक्यं बोलावी लागली असती. त्यापेक्षा सर होणं सोपं होतं.

त्या एकतीस वर्षांत त्यांचं स्वतःचं असं एकच पान छापलं गेलं. पाचवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धडा अकरावा, ‘कांदा का रडवतो?’ मूळ लेखक आयत्या वेळी आजारी पडले, पान कोरं राहिलं आणि तेव्हाचे साहेब म्हणाले, "अहो, तुम्हीच टाका काहीतरी पानभर." सरांनी त्या पानभर मजकुरासाठी पंधरा दिवस ग्रंथालयात घालवले. कांदा कापला की त्याच्या पेशी फुटतात, आतले एरवी वेगवेगळे राहणारे पदार्थ एकमेकांना भेटतात, त्यातून एक वायू तयार होतो, तो वर चढून डोळ्यांना झोंबतो आणि डोळे बिचारे तो धुऊन काढायला पाणी सोडतात. हे सगळं बरोबर होतं, आजही आहे. फक्त शेवटचा परिच्छेद कुठल्याही पुस्तकातून घेतलेला नव्हता. तो सरांच्या प्रत्यक्ष निरीक्षणातून आला होता. ‘तोंडात पाण्याची गुळणी धरल्यास हा वायू डोळ्यांपर्यंत पोचत नाही. विद्यार्थ्यांनो, करून पाहा.’

पुस्तकावर नाव मंडळाचं, सरांचं कुठेच नाही. पण एकोणतीस वर्षं तो धडा जसाच्या तसा छापला जात होता. रस्त्यानं दप्तर पाठीला लावलेलं पोर दिसलं की सर मनात म्हणत, पान शेहेचाळीस आहे त्यात. एवढीच त्यांची चैन.

आता या कांद्यापर्यंत ते आले कसे? तर माळ्यावरची त्यांची पुस्तकं झाडायला त्यांची बायको स्टुलावर चढली, स्टूल कलंडलं आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. दवाखान्यातून घरी येताना तिनं रिक्षात निकाल देऊन टाकला.

"पुस्तकं तुमची, हात माझा. आता कांदे तुमचे."

सरांनी मान हलवली. मनात म्हणाले, कांद्याचं आम्हाला काय सांगतेस?

तर ते पहिल्या कांद्याच्या मधोमध असताना समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी डबा परत द्यायला आल्या. दार उघडंच होतं. सरांची बायको आतल्या खोलीत पडली होती. वहिनींना दिसलं ते असं: ओट्याशी सर उभे, गाल फुगलेले, ओठ आवळलेले, डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि हातात सुरी.

"अगं बाई! सर! काय झालं हो?"

सर काय बोलणार? बोलायचं तर पाणी टाकायला हवं. मोरीत खरकट्या भांड्यांचा डोंगर. गिळायचं तर बाईमाणसासमोर एवढा मोठा घोट घटाघटा गिळायचा, तेही शोभेना. ‘काही नाही, काही नाही’ अशा अर्थी सरांनी हात हलवला. सुरी त्याच हातात होती. वहिनी दोन पावलं मागे सरकल्या.

"असं मिठाची गुळणी धरल्यासारखं गप्प राहू नका हो, सर. मनात ठेवलं की त्रास होतो. बोला काहीतरी!"

सर आणखी लाल झाले आणि वहिनी डबा तिथेच जमिनीवर ठेवून निघून गेल्या.

दुपारी जेवणं होईस्तोवर सर रडतात ही बातमी तीन मजले फिरून आली. संध्याकाळी तिच्या दोन आवृत्त्या निघाल्या होत्या. तळमजल्याचं म्हणणं, बायकोचा हात ह्यांनीच मोडला आणि आता पस्तावतायत. दुसऱ्या मजल्याचं म्हणणं, बाई दिसते तशी गरीब नाही. एका हातानं हे हाल, दोन्ही हात धड होते तेव्हा काय असेल! सरांना दोन्ही आवृत्त्या जिन्यातच ऐकू आल्या, कारण मोठ्यानं बोलल्यावर सरांना ऐकू जातं ही गोष्ट अजून कुणाच्या ध्यानात आलेली नव्हती.

सर संतापले. आता सरांचा संताप म्हणजे कसा, तर तो बाहेर दिसत नसे. वडील गेले तेव्हाही ज्यांच्या डोळ्यांतून चारचौघांत टिपूस आलं नव्हतं, कार्यालयातल्या निरोप समारंभात साहेबांनी त्यांचं आडनाव चुकवलं तेव्हाही जे नुसते हसले होते, त्या माणसाची दोन कांद्यांनी अब्रू काढावी! घरी येऊन त्यांनी चप्पल जरा जोरात काढली. बायकोनं विचारलं, "कोणावर?" सर म्हणाले, "कोणावर नाही." आणि पुस्तक उघडून एकच पान अर्धा तास वाचत बसले.

दुसऱ्या दिवशीपासून सल्ले येऊ लागले. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिन्यात अडवून म्हणाले, "सर, सोपं आहे. कांदे तासभर फ्रिजमध्ये ठेवा. गार पडले की झोंबत नाहीत." वहिनी म्हणाल्या, "ओट्यावर टेबलफॅन लावा. वारा वाहून नेतो सगळं. आणि दुसरं काही असेल मनात, तर आमचे हे आहेत बोलायला." फाटकावरच्या वॉचमननं तर घरात येऊन सुरीच हातात घेतली, अंगठ्यावर धार पाहिली आणि हसला.

"साहेब, ही काय सुरी आहे? हिनं कांदा कापला जात नाही, चेचला जातो. चेचला की रडवणारच. हिला धार लावा, बास."

तिन्ही सल्ले सरांनी नाकारले. ते चूक आहेत असं त्यांना वाटत नव्हतं. वॉचमनचं म्हणणं तर पेशींच्या हिशेबानं अगदी चोख होतं. पण फ्रिज, पंखा आणि धार यांची मदत घेणं म्हणजे गुळणी निकामी आहे असं कबूल करणं. आणि गुळणी निकामी, तर पान शेहेचाळीस खोटं. एवढ्या मोठ्या निर्णयाला निदान सहा दिवसांचे प्रयोग हवेत, असं सरांनी ठरवलं. (हे सगळं मनात. मोठ्यानं ते वॉचमनला एवढंच म्हणाले, "बघू.")

प्रयोगांसाठी त्यांनी वही घातली. पाव पेला पाणी, अर्धा पेला पाणी. गार, कोमट. मीठ घालून, बिनमिठाचं. डाव्या गालात, उजव्या गालात. निरीक्षणाच्या रकान्यात सहा दिवस एकच शब्द होता: ‘रडलो.’ पाचव्या दिवशी कोमट पाण्यासकट शिंक आली. तिची नोंद वेगळी आहे.

या सगळ्यात एक नवल घडलं. दुसऱ्या दिवशी बायको ओट्याशी खुर्ची टाकून बसली आणि तिनं सूचनांचा मारा सुरू केला. बारीक चिरा, इतकं बारीक नको, सालं तिथे नको, बोट आत घ्या, अहो बोट! मग सरांचे फुगलेले गाल तिनं नीट निरखून पाहिले आणि एकदम नरम पडली. "हे एक बरं केलंत हं," म्हणाली आणि त्यानंतर दिवसभर हळू आवाजात बोलली. सरांना वाटलं, निदान घरात तरी विज्ञानाची कदर आहे.

सातव्या दिवशी वहिनींची मुलगी आली. ती पाचवीत होती. आईनं तिला सरांचं मन रमवायला पाठवलं होतं आणि ती येताना पुस्तक घेऊन आली होती.

"आजोबा, आमच्या पुस्तकात आहे ना उपाय. तोंडात पाणी धरायचं."

"धरलं होतं."

"मग नीट धरलं नसेल."

"सहा दिवस धरलं. नीट."

मुलीनं पान शेहेचाळीस उघडलं आणि बोट ठेवून शेवटचा परिच्छेद मोठ्यानं वाचला. आपली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून सरांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. वाक्यं चांगली होती, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट.

"विद्यार्थ्यांनो, करून पाहा, असं लिहिलंय," सर म्हणाले. "तू पाहिलंस का करून?"

"नाही. परीक्षेत लिहिलं. दोन मार्क होते. वर्गात सगळ्यांना मिळाले."

"सगळ्यांनी हेच लिहिलं?"

"मग काय! पुस्तकात आहे ते." मग पुस्तक मिटत ती सहज म्हणाली, "पण आजोबा, ज्यांनी हे लिहिलं त्यांनी तरी करून पाहिलंच असेल ना?"

सर उठून खिडकीशी गेले. एकोणतीस वर्षं, दर वर्षी लाखभर मुलं आणि प्रत्येकी दोन मार्क. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

वर्तमानपत्रात बारीक टाइपात एक निवेदन आलं होतं: पुस्तकाची नवी आवृत्ती महिनाअखेर छपाईला जाणार, सूचना असल्यास कळवाव्यात. म्हणजे नऊ दिवस. नाहीतर तो परिच्छेद पुढची दहा वर्षं मुलांकडून घोकून घेतला जाणार. स्वतःचं एकुलतं एक पान स्वतःच्या हातानं खोडायचं, हे कठीण होतं. पण तिथे ते ठेवणं आणखी कठीण होतं. धुतलेला सदरा घालून सर आपल्याच जुन्या कार्यालयात गेले.

खिडकीतल्या कारकुनानं मान वर न करता विचारलं, "काय काम?"

"पाचवी, विज्ञान, धडा अकरावा. शेवटचा परिच्छेद चुकीचा आहे. काढून टाकायला हवा."

"तुम्ही कोण?"

"मी... म्हणजे, तो मीच लिहिलाय."

आता कारकुनानं मान वर केली. लोक धडे आपण लिहिल्याचं सांगत येतात, हे त्याला नवीन नव्हतं. चुकीचा धडा आपला म्हणून सांगणारा मात्र पहिलाच असावा.

"पुरावा?"

"पुस्तकावर मंडळाचं नाव असतं. लेखकाचं छापत नाहीत."

"मग तुम्ही लेखक नाही." त्यानं एक फॉर्म पुढे सरकवला. "आणि असलात तरी उपयोग नाही. तक्रारदाराला तीनच चौकटी आहेत. विद्यार्थी, पालक, शिक्षक. लेखकाला तक्रार करता येत नाही."

"पण चूक लेखकालाच पहिल्यांदा कळणार ना!"

"कुठल्या शहाण्यानं हा फॉर्म बनवला कोण जाणे," कारकून म्हणाला. "आमच्याही डोक्याला ताप आहे तो."

सरांनी फॉर्म पाहिला. तिसऱ्या ओळीतला अर्धविराम त्यांनी ओळखला. फॉर्म त्यांनीच बनवला होता, वीस वर्षांपूर्वी, एका लांबलेल्या दुपारी. लेखक तक्रार करेल ही शक्यता तेव्हा त्यांना सुचली नव्हती. कानशिलं तापली, पण भांडायचं कुणाशी? ज्याच्याशी भांडायला हवं होतं तो खिडकीच्या याच बाजूला उभा होता.

शेवटी पालक म्हणून सही केली वहिनींनी. सरांनी तक्रारीचा मजकूर नीटस लिहून दिला होता, पण वहिनींना तो थंड वाटला. त्यांनी स्वतःच्या अक्षरात नवा लिहिला: ‘या धड्यामुळे आमच्या समोरचे एक सज्जन वृद्ध गृहस्थ रोज सकाळी रडत आहेत. घरातले वातावरण बिघडले आहे. तरी धडा ताबडतोब बंद करावा.’ सरांना कळलं तोवर कागद दाखल झाला होता.

आणि आश्चर्य म्हणजे त्या कागदाची दखल घेतली गेली. चौथ्या दिवशी पत्र आलं. तक्रारीतील वृद्ध गृहस्थांनी समितीसमोर प्रात्यक्षिक करावे. तोंडात गुळणी असतानाही अश्रू येतात असे आढळल्यास परिच्छेद वगळण्यात येईल. बायकोला सरांनी त्यातलं एवढंच सांगितलं: समितीसमोर कांदे चिरायचे आणि डोळ्यांतून पाणी काढायचं.

"म्हणजे तिथे जाऊन रडायचं?" बायको म्हणाली.

"रडायचं."

"चारचौघांत?"

"समितीसमोर," सर म्हणाले. त्यांना हा फरक महत्त्वाचा वाटला.

आदल्या रात्री सरांना झोप आली नाही असं म्हणतात, पण सकाळी ते ताठ होते. सहा दिवसांच्या प्रयोगांत बारा कांद्यांनी त्यांना हमखास रडवलं होतं. अब्रू जायची तेवढी गेलीच होती. आता निदान ती कामी तरी येणार होती.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, टेबलामागे साहेब, दोन सदस्य बाई आणि इतिवृत्त लिहायला तोच खिडकीतला कारकून. शिपायानं कांदे आणून ठेवले. सरांनी हातात घेतला तर गारढोण.

"हे गार कसे?"

"काल आणले ना," शिपाई म्हणाला. "उंदरांचा त्रास आहे इथे. पाण्याच्या बाटल्यांच्या फ्रिजमध्ये टाकले."

सुरीही कार्यालयानंच खरेदी केलेली, कोरी, पुठ्ठ्यातून त्याच क्षणी बाहेर काढलेली. तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी कापेल अशी. आणि डोक्यावर पंखा पूर्ण वेगात गरगरत होता, कारण साहेबांना उकडत होतं.

सरांनी गुळणी धरली. कांदा ठेवला. सुरी लोण्यातून जावी तशी खाली गेली.

डोळे कोरडे.

सरांनी दुसरा काप मारला, तिसरा मारला, दहावा मारला. काही नाही. सगळा कांदा संपला. दुसरा घेतला. तो नाकाजवळ नेऊन चिरला. पंख्याच्या वाऱ्यानं सालं साहेबांच्या फायलीवर उडाली, पण डोळ्यांत टिपूस नाही. ये रे बाबा, ते मनात म्हणाले, घरी रोज येतोस, आजच काय झालं तुला? तिसरा कांदा त्यांनी बारीक, आणखी बारीक, शेवटी भुगा होईपर्यंत चिरला. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा त्यांना लोकांसमोर रडायचं होतं आणि रडू येत नव्हतं.

"वा!" एक सदस्य बाई म्हणाल्या. "मी तर एका कांद्यात बेजार होते. हे करून पाहायला हवं हं."

"पारंपरिक शहाणपण आहे हे," दुसऱ्या म्हणाल्या. "उगीच का इतकी वर्षं टिकलंय?"

साहेब समाधानानं मागे रेलले. "चौथा कांदा नको. लिहून घ्या. उपाय प्रभावी असल्याचे आढळले."

सर जोरजोरात मान हलवू लागले. गार कांदा! धारदार सुरी! पंखा! तिन्ही उपाय तुम्ही एकदम केलेत, त्यात गुळणीचा काय संबंध? हे सगळं त्यांच्या गळ्यापर्यंत आलं, आणि तोंडात पाणी.

"आजोबांनाही पटलेलं दिसतंय," साहेब म्हणाले. "मान हलवतायत."

आणि सरांचा तोल गेला. एकतीस वर्षं नोकरीत, त्यानंतर दहा वर्षं जिन्यात, फॉर्मवर, निरोप समारंभात जे जे म्हणून त्यांनी गिळलं होतं ते सगळं एकदम उसळलं. त्यांनी तोंड उघडलं. "अहो, मूर्ख आहात का तुम्ही सगळे?" असं त्यांना म्हणायचं होतं, पण पहिला शब्द पाण्याखाली गेला आणि पाण्याचा फवारा साहेबांच्या फायलीवर. मग मात्र ते बोलले. स्वतःचा आवाज त्यांना ओळखू येईना. फ्रिजबद्दल बोलले, पंख्याबद्दल बोलले, वॉचमनला तुमच्यापेक्षा विज्ञान जास्त कळतं असं म्हणाले, लाखो मुलांचे दोन-दोन मार्क काढले. "आणि हा गाढवपणा मी लिहिलाय! मी! तो तरी मला खोडू द्या!" असं ओरडताना त्यांच्या डोळ्यांतून संतापानं घळाघळा पाणी वाहू लागलं. सगळ्या प्रयोगांत मिळून आलं नव्हतं इतकं.

शिपायानं पंखा बंद केला. साहेब रुमालानं फाइल टिपत कारकुनाकडे वळले.

"वेळ टिपलीत का?"

"हो साहेब. पाणी बाहेर पडलं बारा वाजून चार मिनिटांनी. अश्रू बारा वाजून पाच."

"उत्तम." साहेबांनी सावकाश सांगितलं आणि कारकुनानं लिहिलं: ‘गुळणी तोंडात असेपर्यंत अश्रू आले नाहीत. गुळणी जाताच लगेच आले. सबब, गुळणीचा गुण निर्विवाद सिद्ध होतो. परिच्छेद कायम ठेवावा. सोबत फुगलेल्या गालांच्या आजोबांचे चित्र द्यावे.’

सरांनी त्यावर साक्षीदार म्हणून सही केली. ‘निर्विवाद’ची पहिली वेलांटी दीर्घ पडली होती. सवयीनं त्यांनी ती ऱ्हस्व केली.

घरी आले ते धुमसत. चपला कोपऱ्यात उडाल्या, चष्मा टेबलावर आपटला. "संपलं! कायम! आता चित्रासकट!" बायकोला सगळं सांगताना ते खोलीत येरझाऱ्या घालत होते. ती शांतपणे ऐकत होती. गुळणीचा परिच्छेद आला तशी तिनं हात वर केला.

"थांबा. कांद्यासाठी गुळणी? असं लिहिलंयत तुम्ही धड्यात?"

"मग कशासाठी? तू वाचला नाहीस?"

"कांद्याबद्दल मला तुम्ही काय शिकवणार, म्हणून नाही वाचला." तिचा चेहरा कसासाच झाला. "पण हे आणलंत कुठून?"

"निरीक्षणातून!" सर गरजले. "तुझ्याच! लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. रोज संध्याकाळी तू कांदा चिरायचीस तेव्हा तोंडात पाणी धरायचीस. मी दारातून पाहायचो. एकदा विचारलंसुद्धा, यानं त्रास होत नाही ना? तू मान हलवलीस!"

बायको प्लास्टरचा हात पोटाशी धरून हसायला लागली. खुर्ची हलू लागली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि डाव्या हातानं ते पुसता पुसता तिला बोलता येईना.

"अहो, तेव्हा सासूबाई शेजारी उभ्या असायच्या," ती शेवटी म्हणाली. "रोज. कांदा जाड झाला, कांदा बारीक झाला, तुझ्या आईनं हेच शिकवलं का. मला तोंडावर उत्तर यायचं. एक दिवस दिलंही असतं. म्हणून घोट भरून धरायची. कांदा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. तोवर राग उतरायचा. निम्मा तरी."

"आणि डोळ्यांना?"

"डोळ्यांतून धारा लागायच्या! तुम्ही दारातून पाठ बघत होतात माझी. आणि त्यांच्यासमोर तुम्ही विचारलंत, त्रास होत नाही ना. तोंडात पाणी. मान हलवू नको तर काय करू?" हसू ओसरलं होतं. "पुन्हा कधी विचारलं नाहीत."

मग सरांना आठवलं. "हे एक बरं केलंत, म्हणालीस तू. त्या दिवशी."

"मला वाटलं, मी सारखी टोचून बोलते म्हणून धरताय. म्हटलं, सुधारले. म्हणून मीही गप्प बसले जरा."

यावर सरांना खूप बोलायचं होतं. तू तेव्हा सांगितलं का नाहीस, नंतर का नाहीस, एकोणतीस वर्षं, लाखो मुलं, चित्रासकट! पुन्हा सगळं गळ्याशी आलं, चेहरा लाल झाला, बोट वर झालं. बायकोनं डाव्या हातानं पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला. शिवाय फळीवर एक कांदा ठेवला.

सरांनी पेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि घोट भरला. बोथट सुरी घेतली. ती बारीक चिरा म्हणाली नाही. खुर्ची ओढून ती त्यांच्या शेजारी बसली. पहिल्या कापालाच धार लागली. गाल फुगलेले, ओठ आवळलेले, आणि सुरी फळीवर जरा जोरातच आपटत होती.

समोरच्या वहिनी दारात डोकावल्या. "अगं बाई! सर अजून रडतातच का?"

"रडत नाहीयेत हो," बायको म्हणाली. "भांडतायत माझ्याशी. बसा, कांदा संपेपर्यंत मिटेल."